चिनी बर्फ, गिलानचा वजीर आणि बेळगावचा कोट

१४७२-७३ मध्ये बहमनी फौजेनं बेळगावच्या किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा तिची खरी गाठ पडली ती खंदकाशी. इतिहासकार फिरिश्ता लिहितो, की दिवसभर बहमनी सैनिक लाकडं आणि माती टाकून खंदक बुजवायचे आणि रात्री किल्ल्यातली माणसं ते सगळं उपसून काढायची. हा खेळ काही संपेना. शेवटी वजीर महमूद गावाननं जमीन पोखरायला लावली, खाली दारू ठासली आणि तट उडवला. दख्खनमध्ये असे सुरुंग तोवर कुणी वापरले नव्हते, असंही फिरिश्ता सांगतो. किल्लेदार राजा मग जासुदाच्या वेषात सुलतानापुढे आला आणि तिथंच त्यानं आपली ओळख सांगून शरणागती पत्करली. बेळगाव गावानच्या जहागिरीत गेलं.

निपाणीच्या एका विद्यार्थ्यानं हा मजकूर एम. ए.च्या प्रकल्पासाठी वाचला आणि तो अडला सुरुंगावर. त्याच्या अभ्यासक्रमात ‘इस्लामी जग’ एका प्रकरणात होतं, ‘चीन’ दुसऱ्यात, आणि या दोघांचा एकमेकांशी काही संबंध असावा, असं पुस्तकात कुठंच दिसत नव्हतं. पण दारूचं मूळ शोधायला गेलं की वाट थेट चीनला जाते. १०४४ च्या ‘वूजिंग झोंगयाओ’ या चिनी युद्धशास्त्राच्या ग्रंथात दारूचं मिश्रण लिहून ठेवलेलं आहे. दारूतला मुख्य घटक म्हणजे सोरा. तेराव्या शतकातला अरबी वनस्पतिशास्त्रज्ञ इब्न अल-बैतार त्याला ‘चिनी बर्फ’ म्हणतो. इराणी लोक ‘चिनी मीठ’ म्हणत. म्हणजे चीनमध्ये जन्मलेली, अरब-इराणी हातांतून फिरलेली ही विद्या एका इराणी वजिरानं बेळगावच्या तटाखाली आणून ठेवली होती. बेळगाव त्याच्या घरापासून दीडेक तासावर. पुस्तकं पिशवीत टाकून तो निघाला.

निघायच्या आधी निपाणीबद्दल सांगायला हवं, कारण या गोष्टीचा अर्धा माल तिथंच पडून आहे.

निपाणीत हंगामात बाहेरचा माणूस ओळखायला सोपा जातो: तो शिंकतो. तंबाखूच्या वखारींवरून गेलं की घशात ठसका बसतो. गावातल्या लोकांना तो कळतही नाही. या विद्यार्थ्याची आजी आयुष्यभर वखारीत तंबाखू चाळत होती, पदर नाकातोंडाला गच्च बांधून. १९८१ च्या एप्रिलमध्ये तंबाखूच्या भावासाठी महामार्गावर बसलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, ते दिवस तिला अजून आठवतात. तंबाखूचा इतिहास तिच्यापुरता तिथं सुरू होतो. नातवाच्या पिशवीतल्या पुस्तकात तो त्याच्या पावणेचारशे वर्षं आधी, विजापुरात सुरू झालेला होता.

अकबराचा वकील असद बेग १६०४ च्या सुमारास आदिलशाहीत आला. तिथं त्यानं तंबाखू पाहिला. मोगल दरबाराला ही वस्तू नवीन होती. त्यानं रत्नजडित नळी तयार करवून घेतली आणि तंबाखूसह ती बादशहापुढं ठेवली. अकबरानं दोन-चार झुरके घेतले, आणि हकीम धावून आला. आमच्या ग्रंथांत या वस्तूचा उल्लेख नाही, आमच्या जाणत्यांनी ती पारखलेली नाही, फिरंग्यांचं पाहून आपण ती का घ्यावी, असा त्याचा आक्षेप. असद बेगनं उलटं विचारलं: जगातली कुठली रीत कधी ना कधी नवी नव्हती? आणि दाखला म्हणून त्यानं चोपचिनीचं नाव घेतलं. ही चिनी मुळी जुन्यांना ठाऊक नव्हती, आता सापडली आणि कितीतरी रोगांवर चालते, मग? बादशहाला हा युक्तिवाद आवडला. तंबाखूच्या बाबतीत हकिमाचंच बरोबर होतं हे निपाणीच्या वखारीतली कुठलीही बाई सांगेल. पण वादाची तऱ्हा पाहण्यासारखी आहे. इस्लामी दरबारात ‘ग्रंथात नाही म्हणून नको’ म्हणणाराही होता आणि त्याला तिथल्या तिथं तोड देणाराही. तोड देणाऱ्यानं पुरावा आणला तो चीनमधून.

दुसरा दुवा पिराचा. निपाणीचा पिराने पीर दस्तगीरसाहेबांचा उरूस पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. त्याचे संस्थापक म्हणून संत बाबामहाराज चव्हाण यांचं नाव घेतात आणि मान आजही चव्हाण घराण्याकडे आहे. गंधरात, गलेफ, मलिदा, दंडवत घालत येणारी माणसं. यात हिंदू किती आणि मुसलमान किती हे मोजायचा उद्योग गावात कुणी करत नाही. पिराने पीर म्हणजे शेख अब्दुल कादिर जिलानी. बगदादमध्ये धर्मशास्त्र शिकवणारे हे सूफी ११६६ मध्ये वारले. त्यांच्यापासून कादिरी परंपरा सुरू झाली. जिलानी म्हणजे गिलानचे, कॅस्पियन समुद्राच्या दक्षिण काठावरच्या प्रांतातले. आणि महमूद गावानही त्याच गिलानचा! तिथला व्यापारी घोडे आणि माल घेऊन दाभोळ बंदरात उतरला आणि बहमनींचा वजीर झाला. निपाणीचा पीर आणि बेळगावचा विजेता एकाच गावकुसातले म्हणावेत इतके जवळचे निघाले, हे कळल्यावर विद्यार्थ्यानं ते आजीला सांगितलं. तिला विशेष वाटलं नाही. “मोठी माणसं लांबनंच येत्यात,” म्हणाली. “जाताना पाया पडून जा.”

बसवर कन्नड पाटी. निपाणी कर्नाटकात, पण गावाला लागून असलेल्या अर्जुननगरचं देवचंद कॉलेज महाराष्ट्रात. इथली पोरं रोज राज्य ओलांडून शिकायला जातात आणि संध्याकाळी परराज्यात झोपायला येतात. महाजन आयोगानं १९६७ मध्ये निपाणी महाराष्ट्राला द्यावी असं म्हटलं, बेळगाव मात्र म्हैसूरकडे ठेवलं. पुढं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. बस तवंदी घाट चढू लागली तेव्हा विद्यार्थ्यानं दुसरं पुस्तक काढलं.

हे अरबी पुस्तक ८५१ सालचं. नाव ‘अखबार अस-सीन वल-हिंद’, म्हणजे चीन आणि हिंदच्या वार्ता. इराणच्या आखातातून कँटनपर्यंत जहाजं नेणाऱ्या व्यापाऱ्यांनी पाहिलेलं-ऐकलेलं त्यात आहे. जगातले चार मोठे राजे कोणते, हेही त्यात सांगितलंय: अरबांचा खलिफा, चीनचा बादशहा, रूमचा कैसर आणि चौथा कान टोचलेल्या लोकांचा राजा बल्हारा. बल्हारा म्हणजे वल्लभराज, मान्यखेटचा राष्ट्रकूट राजा. ८५१ मध्ये गादीवर अमोघवर्ष होता. बसच्या खिडकीतून दिसणारी उसाची आणि तंबाखूची रानं त्याच्याच मुलुखात येत होती. अरबांवर या राजासारखी माया करणारा दुसरा राजा नाही, असं त्या व्यापाऱ्यांचं मत. व्यापाऱ्यांची मतं जकातीवर ठरतात हे धरूनही ते दखल घेण्याजोगं आहे.

चीनबद्दल तर ही मंडळी डोळे विस्फारून बोलतात. तिथं मातीची भांडी इतकी पातळ, की बाहेरून आतलं पाणी दिसतं. लोक कसलासा पाला उकळत्या पाण्यात टाकून पितात आणि त्यावर राजाला मोठा महसूल मिळतो, हा चहा. प्रवाशाला दोन परवाने बाळगावे लागतात, माणसाचा एक आणि मालाचा एक. कँटनमध्ये, ज्याला ते खानफू म्हणतात, मुसलमान व्यापाऱ्यांचे तंटे सोडवायला चिनी बादशहानं मुसलमान काझीच नेमलेला. इथवर सगळं कौतुकाचं. पण चिनी लोक शौचानंतर पाण्यानं धूत नाहीत, कागदानं पुसतात, हे लिहिताना अरबाची नापसंती लपत नाही. विद्यार्थी बसमध्ये एकटाच हसला. शेजारच्या मामांनी विचारलं, “काय वाचतासा एवढं?” त्यानं सांगितलं. मामांनी क्षणभर विचार केला आणि अरबांच्या बाजूनं मत दिलं.

संकेश्वर, हत्तरगी, यमकनमर्डी, मग वंटमुरीचा घाट, राणी चन्नम्माचं काकती, आणि बेळगाव.

किल्ला तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा. सौंदत्तीच्या रट्टांचा मंत्री बिचिराज यानं १२०४ मध्ये इथं नेमिनाथाची कमल बस्ती बांधली. बस्तीच्या छतातलं दगडी कमळ मान वर करून पाहावं लागतं. बहात्तर पाकळ्या आहेत: मागचे, आताचे आणि पुढं होणारे मिळून तीन चोविशा तीर्थंकर. याच काळातले इथले दोन शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. थोड्या अंतरावर, लष्कराच्या हद्दीत सफा मशीद. असद खान लारीनं ती १५१९ मध्ये बांधल्याचं दारावरचा फारसी लेख सांगतो. हा असद खान इराणच्या लार गावचा, आदिलशहाचा मोठा सरदार. १५४९ मध्ये वारला आणि त्याचा दर्गा कँपात आहे. मशिदीचे खांब जुन्या देवळांमधले, आणि त्यांतल्या दोन खांबांवर लेख आहेत, एक ११९९ चा रट्टांचा आणि दुसरा १२६१ चा यादव राजा कृष्णाचा. इथं येणारा पाहुणा पहिल्यांदा विचारतो तो लेख कुठल्या भाषेतला हे, आणि मग दोन्हीकडून वाद सुरू होतो. खांब पाडापाडीतून आले, हे उघड आहे. ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही आणि तेवढंच सांगून थांबण्यातही नाही. लारहून आलेल्या माणसाच्या मशिदीचं छत सातशे-आठशे वर्षांपूर्वीचे कानडी मुलुखातले कातीव खांब पेलून आहेत आणि ती पाचशे वर्षं उभी आहे.

विद्यार्थी मात्र तटाखाली गेला. सुरुंग कुठल्या बाजूला उडाला असेल याचा अंदाज बांधत हिंडला. त्याची काही खूण आता उरलेली नाही. तट पुढं पुन्हा बांधला गेला. खंदकाच्या काठावर बसून त्यानं गावानचं उरलेलं चरित्र वाचलं, आणि गोष्ट भलत्याच दिशेला वळली.

हा तट उडवणारा माणूस मुळात पुस्तकवेडा. १४७२ मध्येच बिदरला त्याचा मदरसा उभा राहिला, इराणी धर्तीचा, निळ्या-हिरव्या टाइल्सनी मढवलेला, तीन हजार हस्तलिखितांच्या ग्रंथालयासह. (औरंगजेबाच्या काळात त्यात दारूगोळा ठेवला होता. त्याचा भडका उडाला आणि इमारतीचा मोठा भाग कोसळला. दारूनं वजिराशी हिशेब चुकता केला म्हणायचा.) त्याच्या फारसी पत्रांचा संग्रह ‘रियाजुल इन्शा’ या नावानं प्रसिद्ध आहे. त्यात हेरातच्या मौलाना जामींना लिहिलेली पत्रं आहेत. जामी म्हणजे त्या काळातला फारसीचा सर्वांत मोठा कवी आणि सूफी विचारवंत. गावानची इच्छा होती, जामींनी दख्खनला यावं. जामी आले नाहीत, पण पत्रव्यवहार चालू राहिला. १४८१ मध्ये दरबारातल्या विरोधकांनी गावानच्या शिक्क्याचं खोटं पत्र तयार केलं आणि सुलतानानं त्याचा शिरच्छेद करवला. पत्रांवर जीव असलेला माणूस पत्रानंच गेला.

जामींचं ‘लवाइह’ नावाचं एक छोटं पुस्तक आहे. सारं अस्तित्व एकच आणि दिसतं ते त्याचंच प्रकटन, हा सूफी विचार त्यात थोड्या शब्दांत मांडलाय. गावान गेल्यानंतर दोनेकशे वर्षांनी चीनच्या नानजिंगमध्ये ल्यू झी नावाच्या मुसलमान पंडितानं हेच पुस्तक चिनीत आणलं. ल्यू झी कन्फ्यूशियसच्या परंपरेत वाढलेला, अरबी-फारसी जाणणारा. त्याची अडचण अशी, की त्याच्या काळातले चिनी मुसलमान अरबी विसरत चालले होते आणि शिकलेले चिनी लोक इस्लामला परक्यांचा धर्म समजत होते. त्यानं इस्लामचं तत्त्वज्ञान कन्फ्यूशियसवाद्यांच्याच शब्दांत लिहिलं. ईश्वराला, सृष्टीला, माणसाच्या स्वभावाला चिनी पंडितांचे घरचे शब्द वापरले, आईबापांची सेवा आणि राजनिष्ठा ही मूल्यं इस्लामी आचारात बसवून दाखवली.

ही तऱ्हा मराठी वाचकाला अनोळखी नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’मध्ये हेच केलं, तेही ल्यू झीच्या आधी, १६४५ मध्ये. वारकऱ्यांच्या ओवीत त्यांनी सूफी विचार मांडला. त्यांचे गुरू चांद बोधले कादिरी परंपरेतले. आपल्याकडं शेख महंमदांना ‘कबीराचा अवतार’ म्हणून गौरवतात आणि तिथंच सोडून देतात. नानजिंगच्या पंडिताशेजारी ठेवलं तर त्यांचं काम किती मोठं होतं ते नीट दिसतं. दोघांनी धर्म सोडला नाही, भाषाही उसनी घेतल्यासारखी वापरली नाही. अभ्यासक्रमात या दोघांची भेट घालून द्यायला एक तास पुरला असता, असं विद्यार्थ्याच्या मनात आलं आणि त्यानं ते वहीत टिपलं. टिपणाखाली जरा रागानं दोन रेघाही मारल्या.

खडे बाजारामागच्या गल्लीत काष्ठौषधीच्या दुकानात त्यानं चोपचिनी मागितली. दुकानदारानं बरणी काढली. तांबूस, कठीण, आल्याच्या वाळक्या तुकड्यासारखी दिसणारी मुळी. वास जवळजवळ नाहीच. पूर्वी ही फिरंग रोगावर, म्हणजे उपदंशावर देत. गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्यानं १५६३ च्या आपल्या ग्रंथात तिची चर्चा केली आहे. तो अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचाही वैद्य होता. रोग फिरंग्यांनी आणला, औषध चिनी, आणि ते घेणारे दख्खनचे सुलतान. “कुणाला पाहिजे?” दुकानदारानं विचारलं. “अकबराला,” असं म्हणायचं विद्यार्थ्याच्या तोंडावर आलं होतं. त्यानं पन्नास ग्रॅम बांधून घेतली.

बेळगावात जिवंत चीन आणि वेगळ्या तऱ्हेचा इस्लाम भेटतो तो नेहरूनगरला. युनिव्हर्सिटी साइन्स मलेशिया आणि इथलं केएलई विद्यापीठ यांच्या करारातून २०१० पासून मलेशियाचे विद्यार्थी डॉक्टर व्हायला बेळगावात येऊ लागले. विद्यार्थ्याचा एक मित्र त्या आवारात प्रयोगशाळेत काम करायचा. त्यानं दोघांशी गाठ घालून दिली: एक केलांटानचा मलय मुसलमान, दुसरा पेनांगचा चिनी. मायदेशात दोघांच्या शाळा वेगळ्या, एकाची मलय माध्यमाची, दुसऱ्याची चिनी. मलेशियाच्या राज्यघटनेत मलय कोण याची जी व्याख्या आहे तिच्यात इस्लाम येतो, त्यामुळं मलय आणि चिनी ही दोन वेगळी घरंच. त्यांची दोस्ती जमली बेळगावात, आणि ती ज्वारीच्या भाकरीवर. लिंगायत खानावळीत हलाल आहे का हे विचारायची गरज नाही, म्हणून दोघं तिथं जायला लागले. भरलेली वांगी आणि शेंगदाण्याची चटणी पेनांगच्या मुलाला इतकी आवडली, की चटणीचा डबा त्यानं घरीही नेला होता.

मलय मुलाचा प्रश्न वेगळाच होता. मोबाइलवर असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजाची वेळ व्हायची आणि जवळच्या मशिदीतली अजान बऱ्याच उशिरा यायची. त्याला आधी वाटलं घड्याळ चुकतंय. मग मशिदीतल्या एका चाचांनी समजावलं: बेळगावचे बहुतेक मुसलमान हनफी, मलय लोक शाफई. शाफई मतानं वस्तूची सावली तिच्या उंचीइतकी लांबली की असर सुरू होते. हनफी मतानं ती दुप्पट व्हायला हवी. कोकणातले मुसलमानही शाफईच, कारण तिथला इस्लाम समुद्रावरून, अरब व्यापाऱ्यांबरोबर आला. म्हणजे केलांटानचा मुलगा नमाजाच्या बाबतीत बेळगावपेक्षा दापोली-श्रीवर्धनला जवळचा. ‘इस्लामी समाज’ असं एकवचनात लिहायची सवय विद्यार्थ्याला त्या संध्याकाळी सोडावी लागली.

चिनी मुलाला त्यानं कन्फ्यूशियसबद्दल विचारलं, मोठ्या अपेक्षेनं. तो ओशाळून हसला. मूळ ग्रंथ त्यानं वाचलेला नव्हता. चिनी शाळेत ‘दी झी ग्वेई’ नावाची शिस्तीची पद्यं मात्र पाठ करून घेतली होती: वडीलधाऱ्यांनी हाक मारली तर कसं उठायचं, घराबाहेर जाताना कुणाला सांगायचं. घरी आजी होकियन बोलते, एप्रिलच्या सुरुवातीला छिंगमिंगला सगळं कुटुंब पूर्वजांच्या थडग्यांवर जातं, गवत काढतं, जेवण ठेवतं, कागदी नोटा जाळतं. आजोबांना परलोकात मोबाइल लागेल म्हणून एका वर्षी काकांनी कागदाचा मोबाइल जाळला होता; चार्जरसकट. हे ऐकल्यावर विद्यार्थ्यानं दहाव्याच्या पिंडाला शिवणाऱ्या कावळ्याची गोष्ट सांगितली. कावळा शिवेपर्यंत घरातले ताटकळत उभे राहतात आणि मयताची राहून गेलेली इच्छा कुणीतरी ओळखून मोठ्यानं बोलून दाखवतं, हे त्या मुलाला कागदाच्या चार्जरपेक्षा जास्त विलक्षण वाटलं.

डॉ. कोटणीसांचं नाव मात्र दोघांनाही माहीत नव्हतं. चीनमध्ये शिजियाझुआंगला ज्यांचा पुतळा आहे, ते द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे. १९३८ मध्ये काँग्रेसनं पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते गेले. तिथंच राहिले, चिनी शिकले, क्वो चिंगलान यांच्याशी लग्न केलं आणि डिसेंबर १९४२ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी वारले. त्यांच्यावरचा व्ही. शांताराम यांचा १९४६ चा सिनेमा मोबाइलवर लावला गेला. नायिका जयश्रीबाई चिनी नर्सच्या वेषात हिंदी बोलू लागल्या आणि पेनांगचा मुलगा गडगडून हसला. केलांटानच्या मुलानं त्याला दटावलं. मध्यंतरापर्यंत दोघंही गप्प होऊन पाहत होते.

परीक्षा झाली की तिघांनी सोलापूरला जायचं, असं त्या रात्री ठरलं. वाटेत विजापूर येतंच. गोलघुमटासमोरच्या नगारखान्यातल्या संग्रहालयात आदिलशाही काळातली चिनी मातीची भांडी मांडलेली आहेत. ८५१ च्या अरबानं वर्णन केलेली भांडी खरंच एवढी पातळ असतात का, हे विद्यार्थ्याला बघायचंय. केलांटानच्या मुलाला घुमटातला प्रतिध्वनी ऐकायचाय. पेनांगच्या मुलानं फक्त एवढंच विचारलं, की सोलापूरची शेंगदाण्याची चटणी बेळगावच्यापेक्षा तिखट असते का.